मानदुखी आणि भौतिकोपचार : यंत्राचा आराम, व्यायामाचा आधार

मराठीत 'मान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शरीराचा अवयव, दुसरा प्रतिष्ठा. कष्टाळू माणूस मान मोडून काम करतो आणि त्या कष्टांच्या बळावर चारचौघांत ताठ मानेने वावरतो. मात्र 'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरू लागला, म्हणजे मानदुखी सुरू होते. सन 2020 मध्ये जगभरात सुमारे 20 कोटी 30 लाख लोक मानदुखीने त्रस्त होते, असा एका जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. या दुखण्याने जिवावर बेतण्याचे प्रसंग विरळाच. तथापि, झोप, कामातील एकाग्रता आणि उत्साह या तिन्ही गोष्टी ते हळूहळू हिरावून घेते.

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे गाव. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. मानदुखीचा विषय समजून घेण्यासाठी या गावाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण मान सर्वाधिक दमवणारी दोन टोकांची कामे येथे शेजारी शेजारी चालतात. एक कारखान्यातील क्रेनचालकाचे, तर दुसरे बँकेतील किंवा कार्यालयातील बैठे.

विवेचनाच्या सोयीसाठी एका काल्पनिक दांपत्याचे उदाहरण घेऊ. पती 48 वर्षांचे, पोलाद कारखान्यात छताजवळून धावणाऱ्या क्रेनचे चालक. उंचावरील केबिनमध्ये बसून खालचा हुक, भार आणि खुणा करणारा सहकारी यांच्याकडे त्यांना पाळीभर पुढे वाकून पाहावे लागते. पत्नी 44 वर्षांच्या, बँकेत रोखपाल. नोटा मोजताना मान खाली, संगणकाकडे पाहताना मान वर. दोघांचीही मान दुखते. घरात वेदनाशामक मलमाची एकच ट्यूब आहे आणि ती दोघेही वापरतात. पण दोघांचे दुखणे एकच आहे का? या प्रश्नाच्या उत्तरातच भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे मर्म दडलेले आहे.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. सर्वांत वरचे दोन मणके वगळता प्रत्येक दोन मणक्यांमध्ये कूर्चेची चकती असते. ती धक्के सोसते आणि हालचालीला लवचीकपणा देते. मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि त्यातून मानेच्या भागात नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. या नसा खांदा, दंड, हात आणि बोटे यांना शक्ती व संवेदना पुरवतात. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या दोन महत्त्वाच्या रोहिण्याही वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. इतक्या नाजूक रचनेवर सुमारे साडेचार ते साडेपाच किलो वजनाचे डोके तोललेले असते.

डोके खांद्यांच्या बरोबर वर असते, तेव्हा मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. 2014 साली अमेरिकेतील एका मणकाशल्यविशारदाने संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे या भाराचा अंदाज मांडला. त्यानुसार मान 15 अंश झुकली असता मणक्यांवर सुमारे 12 किलोंचा, तर 60 अंश झुकली असता सुमारे 27 किलोंचा भार पडतो. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. परंतु भरलेली कळशी कमरेजवळ धरणे आणि तीच हात लांब करून धरणे यांतील फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला यामागील तत्त्व सहज पटेल.

बहुसंख्य रुग्णांत मानदुखी ही स्नायू आणि सांधे यांच्या अशा थकव्यातून उद्भवते. काही रुग्णांत मात्र चकती सरकल्यामुळे किंवा मणक्याची कड वाढल्यामुळे नसेवर दाब येतो. मग वेदना हातात उतरते. अंगठा आणि तर्जनी बधिर झाल्यास बहुधा सहाव्या, मधले बोट बधिर झाल्यास सातव्या आणि करंगळी बधिर झाल्यास आठव्या नसेकडे संशयाने पाहिले जाते. आपल्या उदाहरणातील पत्नीची वेदना मान आणि खांदा यांपुरती मर्यादित आहे. पतीच्या अंगठ्याला व तर्जनीला मात्र गेल्या महिन्यापासून मुंग्या येत आहेत. दुखणे एकसारखे भासले तरी प्रकार दोन आहेत.

अहवालाची भीती

मान दुखू लागली की एक्स-रे किंवा एमआरआय काढण्याची घाई केली जाते. अहवालात 'मणक्यांची झीज' किंवा 'चकतीचा फुगवटा' असे शब्द दिसले की रुग्णाचे धैर्य खचते. येथे जपानमधील एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या 1211 व्यक्तींचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी 87.6 टक्के व्यक्तींच्या चकतीत फुगवटा आढळला. केस पांढरे होणे हा जसा रोग नव्हे, तसेच वयपरत्वे मणक्यांत होणारे बदल हेही बहुधा रोगाचे लक्षण नसते. म्हणून निदान केवळ छायाचित्रावरून होत नाही. रुग्णाची कहाणी आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी ते जुळावे लागते.

याचा अर्थ प्रत्येक मानदुखी किरकोळ समजावी असा नाही. पुढील लक्षणे आढळल्यास प्रथम डॉक्टरांकडे जाणे अत्यावश्यक आहे : पडल्यानंतर वा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी; हाताची शक्ती कमी होणे, वस्तू हातातून निसटणे, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे; चालताना तोल जाणे; लघवी अथवा शौचावरील नियंत्रण सुटणे; ताप, अकारण वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे; विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना. मानेसोबत छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असल्यास तो हृदयविकार असू शकतो. अशा वेळी मान शेकत बसू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे.

भिलाईच्या सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू चिकित्सालय हे पोलाद कारखान्याचे मुख्य रुग्णालय. रायपूरचे एम्सही फार दूर नाही. सुविधा जवळ असूनही पुष्कळ कामगार दुखणे लपवतात. 'डॉक्टरांनी अपात्र ठरवले तर?' ही त्यामागची भीती. ती समजण्यासारखी आहे. परंतु ज्या क्रेनखाली माणसे वावरतात आणि जिच्या हुकाला कित्येकदा वितळलेल्या पोलादाचे भांडे टांगलेले असते, तिची कळ बधिर बोटांच्या हाती असणे हा एकट्या चालकाचा प्रश्न राहत नाही. दुखणे वेळीच सांगणे हीच येथे खरी कर्तव्यनिष्ठा होय.

भौतिकोपचाराचा परिचय

औषध आणि शस्त्रक्रिया यांऐवजी हालचाल, व्यायाम, हस्तोपचार तसेच उष्णता आणि विद्युत् यांसारख्या भौतिक साधनांनी उपचार करणारी ही शाखा आहे. भारतात तिचे शिक्षण पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. पोलिओने पांगळी झालेली मुले पुन्हा उभी करणे ही त्या काळाची निकड होती. 8 सप्टेंबर हा दिवस 1996 पासून जागतिक भौतिकोपचार दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात 2021 च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय पातळीवरील नियमनाच्या चौकटीत आणले आहे. उपचार घेण्यापूर्वी तज्ज्ञाची पदवी आणि नोंदणी यांची चौकशी करण्यात संकोच वाटू देऊ नये.

चांगला भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला लगेच यंत्राखाली बसवत नाही. वेदना कुठे आहे, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, काम कोणते, झोप कशी, याची तो प्रथम विचारपूस करतो. मानेच्या सहा हालचाली, खांदे, हातांची शक्ती, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. उपचार ठरतो तो त्यानंतर.

उपचारांचे प्रकार

शेक : गरम पाण्यातील पॅक किंवा साधी शेकपिशवी 15 ते 20 मिनिटे ठेवल्यास आखडलेले स्नायू सैल होतात. शॉर्ट वेव्ह डायथर्मी या यंत्रातील विद्युत् चुंबकीय लहरी खोलवर उष्णता पोहोचवतात. पेसमेकर बसवलेल्या किंवा त्या भागात धातूची पट्टी असलेल्या व्यक्तींना तसेच गर्भवतींना हा उपचार दिला जात नाही. ही माहिती तज्ज्ञाला आपण होऊन सांगावी.

विद्युत् आणि ध्वनिलहरी : टेन्स यंत्राचा सौम्य प्रवाह त्वचेतून नसांना उत्तेजित करतो आणि वेदनेचा संदेश काही काळ दबतो. आय.एफ.टी. यंत्रात मध्यम वारंवारतेचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतात आणि त्यांचा परिणाम अधिक खोल जातो. अल्ट्रासाउंडमध्ये कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात. या सर्व साधनांनी आराम वाटतो; परंतु तो बहुधा तात्पुरता असतो. केवळ यंत्रांच्या बळावर मानदुखी कायमची गेल्याचा भक्कम पुरावा नाही.

ट्रॅक्शन : मान नियंत्रित बळाने, ठरावीक वेळ ताणली जाते. त्यामुळे मणक्यांतील जागा किंचित वाढून नसेवरील दाब हलका होऊ शकतो. हातात उतरणाऱ्या वेदनेत निवडक रुग्णांना याचा लाभ होतो. हाडांचा ठिसूळपणा, संधिवातामुळे मणक्यांना आलेली अस्थिरता, अस्थिभंग किंवा मज्जारज्जूवरील दाब असल्यास ट्रॅक्शन धोकादायक ठरते. म्हणून घराच्या दाराला दोरी व वजने टांगून स्वतःच प्रयोग करू नयेत.

हस्तोपचार : प्रशिक्षित हातांनी सांध्यांना हळुवार, लयबद्ध हालचाल देणे हा या शास्त्राचा महत्त्वाचा भाग. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड तसेच न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन व रॉबिन मॅकेन्झी यांनी विकसित केलेल्या पद्धती आज भारतातही शिकवल्या जातात. मॅकेन्झी यांच्या पद्धतीतील एक निरीक्षण रुग्णालाही उपयोगी पडते. व्यायाम करताना हातातील वेदना वर सरकत मानेपाशी गोळा झाली, तर ते सुधारणेचे चिन्ह होय. मानेची वेदना हातात उतरू लागली, तर मात्र व्यायाम थांबवून तज्ज्ञाला विचारावे.

पट्टा : मानेला कॉलर लावून महिनोन् महिने वावरणे हा एक रूढ गैरसमज आहे. तीव्र वेदनेत काही दिवस कॉलर उपयोगी पडते. त्याहून अधिक काळ वापरल्यास स्नायू दुर्बल होतात. पूर्ण विश्रांतीचेही तसेच. साध्या मानदुखीत जमेल तितकी हालचाल चालू ठेवणे हेच हितावह.

येथे आणखी एका सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. केशकर्तनालयात चंपी झाल्यावर मानेला झटका देऊन 'कट' असा आवाज काढण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आढळते. क्षणभर हलके वाटते. परंतु अशा झटक्याने मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या रोहिणीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. डोक्याला तेल जरूर चोळून घ्यावे. मान मात्र कोणाच्या हाती देऊ नये.

व्यायाम : उपचाराचा कणा

शेक आणि यंत्रे यांनी वेदना उतरली की रुग्ण उपचार सोडतो आणि काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येतो. याचे कारण उघड आहे. वेदना गेली, तरी स्नायूंचा दुबळेपणा आणि बसण्याची पद्धत तशीच राहते. 2003 साली फिनलंडमधील संशोधकांनी दीर्घकाळ मानदुखी असलेल्या 180 महिला कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा वर्षभर अभ्यास केला. मान व खांदे यांच्या स्नायूंची शक्ती आणि सहनशक्ती वाढवणारे व्यायाम करणाऱ्या महिलांना केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक लाभ झाला.

'वेळच मिळत नाही' ही सर्वांची सबब. तिला डेन्मार्कमधील 2011 च्या अभ्यासाने उत्तर दिले. मान-खांदेदुखी असलेल्या 198 कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने लवचीक रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दररोज केवळ 2 मिनिटे केला. दुसऱ्या गटाने तो 12 मिनिटे केला. तिसऱ्या गटाला केवळ माहिती पुरवण्यात आली. दहा आठवड्यांनंतर पहिल्या दोन्ही गटांची वेदना लक्षणीय घटली होती. आवर्ती ठेवीचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. हप्ता लहान असला तरी चालेल, तो चुकता कामा नये.

नसेवरील दाब किंवा वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसल्यास पुढील व्यायाम खुर्चीत बसूनही करता येतात.

1. हनुवटी मागे घेणे : ताठ बसून नजर समोर ठेवावी. डोके वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे घ्यावी. पाच सेकंद थांबून सैल सोडावे. दहा वेळा.

2. न हलवता बळ लावणे : तळहात कपाळावर ठेवून डोक्याने त्यावर मध्यम जोराने दाब द्यावा. हाताने तेवढाच विरोध करावा; मान हलू देऊ नये. पाच ते दहा सेकंद. हाच व्यायाम डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंनी करावा. श्वास रोखू नये.

3. खांद्यांची पाती जुळवणे : खांदे कानांकडे न उचलता दोन्ही पाती मागे एकमेकांजवळ आणावीत. पाच सेकंद, दहा वेळा.

4. बाजूचा ताण : उजवा कान उजव्या खांद्याकडे हळुवार झुकवून 20 ते 30 सेकंद थांबावे. मग डावी बाजू. मान गोल गोल फिरवू नये.

सौम्य ताण जाणवणे स्वाभाविक आहे. कळ, चक्कर किंवा मुंग्या आल्यास मात्र थांबावे.

कामाच्या जागी

संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि पडदा हातभर अंतरावर असावा. द्विनाभी चष्मा वापरणाऱ्यांनी मात्र पडदा थोडा खाली ठेवावा. त्या चष्म्याची जवळचे पाहण्याची काच खालच्या बाजूस असल्याने पडदा वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. आपल्या उदाहरणातील रोखपालांच्या मानदुखीचे एक कारण हेच असू शकते. फोन कान आणि खांदा यांत दाबून बोलू नये. मोबाइल डोळ्यांसमोर उचलून धरावा. दर अर्ध्या तासाने निदान मिनिटभर बैठक मोडावी. झोपताना मान आणि पाठ एका रेषेत राहील एवढीच उशी घ्यावी; पालथे झोपणे टाळावे.

क्रेनचालकाचे काम नजर खाली ठेवल्याशिवाय होणार नाही. परंतु दोन फेऱ्यांच्या मध्ये पाठ टेकून नजर समोर आणणे, हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम करणे आणि मान एकटी न वाकवता कमरेतून पुढे झुकणे एवढे त्याला नक्कीच करता येते. खुर्चीची मोडलेली पाठ किंवा काचेवरील काजळी यांमुळे अधिक वाकावे लागत असेल, तर ती बाब वरिष्ठांच्या नजरेस आणून देणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

शेवटी

आता त्या दांपत्याकडे पुन्हा वळू. पत्नीला यंत्रांची फारशी गरज पडणार नाही. पडद्याची उंची, चष्मा आणि रोजचे काही मिनिटांचे व्यायाम यांनी त्यांचे दुखणे आटोक्यात येण्याची शक्यता मोठी आहे. पतीने मात्र प्रथम डॉक्टरांकडून हाताची शक्ती व संवेदना तपासून घ्यायला हवी. कदाचित त्यांना काही आठवडे क्रेनपासून दूर, जमिनीवरचे काम करावे लागेल. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ट्रॅक्शन, हस्तोपचार आणि क्रमाने वाढत जाणारे व्यायाम घ्यावे लागतील. नसेवरील दाबाचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात, ही दिलासा देणारी गोष्ट होय. शक्ती घटत गेली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर शल्यविशारदाचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

दोघांच्याही बाबतीत खरी कसोटी लागते ती वेदना थांबल्यानंतर. त्या दिवशी व्यायामही थांबला, तर मिळालेला आराम चार दिवसांचा ठरतो. यंत्र वेदना उतरवते, तज्ज्ञाचे हात सांधे मोकळे करतात. डोक्याचा भार मात्र आयुष्यभर आपल्याच स्नायूंना पेलायचा असतो. त्यांच्यासाठी रोज काही मिनिटे राखून ठेवणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.